मेणातले पडदे, जाड बोटं

माझी बोटं जाड आहेत. टोकाला रुंद, चपटी, नखं आखूड. फळ्यावर लिहिताना खडू त्यांच्यात लपून जातो. वर्गातल्या एका मुलीनं एकदा विचारलंही होतं, "मॅडम, तुम्ही खडूशिवाय कसं लिहिता?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. मला माझ्या बोटांची लाज कधी वाटली नाही. या बोटांनी भाताची आवणी केली, दिंडोरीकडच्या बागांत द्राक्षाच्या घडांची विरळणी केली, आणि याच बोटांनी बी.एस्सी.चे पेपर लिहिले. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरून माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि सांगत राहणार.

लाज कधी वाटली नाही म्हटलं खरं, पण एकदा वाटली. युकुलेलीपायी.

ती युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, माझ्या लेकीची. शाळा-कॉलेजं बंद होती त्या दिवसांत तिनं ऑनलाइन मागवली, चार महिने वाजवली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा कपाटावर टाकून गेली. परवाच्या दिवाळीत साफसफाई करताना माझ्या हाती लागली. धूळ पुसली, छातीशी धरली, एक तार छेडली. बारीक, गोड आवाज आला. माझी शाळा सकाळची. नवरा मनमाडला रेल्वेत, तो शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. दुपार सगळी रिकामी. म्हटलं, शिकू या. बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, चार तारांचं खेळणं काय अवघड आहे?

अवघड होतं. युकुलेलीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. फ्रेटच्या जरा मागे तार दाबली की सूर बदलतो. मोबाइलवर शिकवणाऱ्या मुलीची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी होती, तिची ती अलगद दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसायची. माझं एक बोट ठेवलं की शेजारची तार बंद. दुसरं ठेवलं की तिसऱ्याला जागा नाही. दोघांच्या सीटवर तिघं बसवलेल्या सुरगाणा एस.टी.सारखी गत. आणि त्या फ्रेट इतक्या बारीक, इतक्या बुटक्या, की माझं बोट सरळ लाकडावर जाऊन पसरायचं आणि आवाज यायचा खर्रर्र.

लेकीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "आई, तू तबला शिक."

"का गं?"

"तिथं बोटं जाड असली तरी चालतं."

"तुझी बारीक आहेत ना? मग सोडून का गेलीस?"

ती हसली आणि तिला क्लास असल्याचं अचानक आठवलं.

अशात बा आला. माझा बाप. भात झोडून, घरात भरून झाल्यावर तो डोळ्यांसाठी नाशिकला आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एक डोळा करायचा, महिन्याभरानं दुसरा. येताना नव्या तांदळाची गोणी आणि नागलीचं पीठ खांद्यावर. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "होळीला मी गावात पायजे. डाक्टरला सांग." आमच्याकडे दिवाळी हुकली तर चालते, होळी हुकत नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर हिरवी पट्टी आली. टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही. बा दिवसभर गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकून बसायचा. दुपारी मी आतल्या खोलीत युकुलेली घेऊन बसले, पाच मिनिटं वाजवलं असेल, तर बाहेरून आवाज आला.

"बाय, मांजर घावलीय का दारात?"

"मी वाजवतेय, बा."

"मग सोड तिला. आण इकडं."

मी नेऊन दिली. त्यानं ती मांडीवर आडवी घेतली, मानेवरून अंगठा फिरवला. वर जाऊन खाली आला. मग माझ्याकडे उघडा डोळा करून म्हणाला, "हे पडदे हायत का केस?"

बाच्या तोंडून 'पडदे' हा शब्द मी पंचवीस-सव्वीस वर्षांनी ऐकला. सतारीच्या पट्ट्यांना पडदे म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. त्याआधी मला पडदे ठाऊक होते ते घांगळीचे.

घांगळी म्हणजे एक लांब बांबू, त्याला खालून दोन सुके भोपळे बांधलेले, वरून तारा ओढलेल्या, टोकाला मोरपिसं. बांबूच्या पाठीवर लाकडाचे उभे तुकडे मेणात रोवलेले असायचे, ते पडदे. चांगले उंच. तार त्यांच्या माथ्यावरून जायची आणि तिच्यावर बोट ठेवलं तरी ते खाली बांबूला टेकत नसे. नवं भात घरात आलं की कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, पूजा व्हायची, आणि त्या पूजेत बा घांगळी वाजवायचा. एरवी ती फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेली. आमच्या घरात ती बायकांनी धरायची नाही असं होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आता विचारलं असतं.

धरली मात्र होती. आठ-नऊ वर्षांची असेन. घरी कोणी नव्हतं, ऊन मी म्हणत होतं. कणगीवर चढून मी घांगळी खाली काढली, फडकं सोडलं. उन्हानं मेण मऊ झालेलं. माझ्या बोटाखाली एक पडदा जरासा सरकला. मी घाबरून पुन्हा जागेवर ढकलला, फडकं गुंडाळलं, टांगून ठेवलं. कोणाला काही कळलं नाही. पूजेच्या आदल्या दिवशी बानं ती काढली, एक सूर वाजवला आणि थांबला. कोणी हात लावला, असं काही विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं.

मग तो चुलीपुढे बसला. सुरीचं टोक तापवायचं, मेणाला लावायचं, पडदा हलवायचा, वाजवून ऐकायचं. पुन्हा सुरी, पुन्हा मेण. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तांदळाच्या दाण्याएवढा तर सरकलाय. कोणाला कळतंय?"

"मला," बा म्हणाला.

पडदा बसल्यावर मला जवळ घेऊन म्हणाला, "ही तुझ्या हातची नाय, बाय." रागावून नाही म्हणाला. त्यामुळंच ते मनात राहून गेलं.

ती घांगळी आता नाही. दर वर्षी भात झालं की आम्ही सगळे बागेत मजुरीला जायचो आणि होळीला घरी परतायचो. माझ्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मात्र आई-बा होळी करून पुन्हा बागेत गेले, छाटणीच्या कामाला. कोणासाठी, ते सांगायला नको. घर दोन-अडीच महिने बंद राहिलं. परत आले तेव्हा, कणगीत दाणा उरला नसल्यानं, उंदरांनी मेण खाल्लेलं, भोपळे पोखरलेले. बानं बांबू धुऊन भिंतीला टांगला. तसल्या गळ्याचे भोपळे आता कोणी लावत नाही, पलीकडच्या पाड्यावरचा दुसरा वाजवणारा म्हातारा वारला, आणि बाच्या डाव्या हाताची दोन बोटं विळ्याच्या जखमेनंतर वळेनाशी झाली. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र पदवीचा कागद हातात घेतला त्या दिवशी मला त्या भिंतीवरचा बांबू आठवला होता.

पूजेचं ते वाजवणं आता एकट्या बाच्या डोक्यात होतं. त्याला एका कानानं कमी ऐकू येत होतं. गॅलरीत त्याच्या मांडीवर युकुलेली बघितली आणि मला नेमकं काय हवंय ते कळलं. मला ते वाजवणं हवं होतं. तो होळीला जायच्या आत.

"बा, कणसरीचं वाजवणं मला दाखव."

त्यानं अंगठा पुन्हा मानेवरून फिरवला. खाली भंगारवाला ओरडत गेला.

"ते घांगळीचं हाय," तो म्हणाला.

"ही कुठं घांगळी आहे?"

त्यानं युकुलेली उलटी केली, पाठीवर टकटक केलं. "नाय. हा डबा हाय."

"डब्याला काही नियम?"

"डब्याला कसला नियम?" त्याच्या मिशीत हसू आलं. "पण या केसांवर नाय वाजायचं. तार सूर धरायच्या आधी तुझं बोट लाकडावर लोळतंय. पडदे उंच पायजेत."

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी रविवार कारंजाकडे गेले. तिथं एका गल्लीत, लाकडी जिना चढून वर, एक चाचा बसतात. तबल्याला शाई, पेटीला सूर, गिटारला फ्रेट, सगळं करतात. त्यांनी माझी बोटं बघितली, युकुलेली बघितली, पुन्हा बोटं बघितली.

"मॅडम, दोन गोष्टी आहेत. दोन फ्रेटच्या मधली जागा, ती मानेच्या लांबीवर. ती मी वाढवू शकत नाही. हे सगळ्यात छोटं वाद्य आहे, तुम्ही टेनर घ्या, त्याची मान लांब असते. दुसरी गोष्ट फ्रेटची जाडी आणि उंची. ती बदलता येते."

त्यांच्याकडे एक वापरलेलं टेनर होतं. कोणी साहेब विकायला ठेवून गेले होते. हातात घेतलं आणि काय सांगू, माझी तीन बोटं शेजारी शेजारी बसली! कोणाचा धक्का कोणाला नाही. तिथंच मी थांबायला हवं होतं.

चाचांनी खणातून फ्रेटच्या तारेचे तीन तुकडे काढून गादीवर ठेवले. एक बारीक, वाद्यावर होती तशीच. एक मधली. एक चांगली जाड आणि उंच.

"मधली टाकतो."

"नाही, जाडी टाका."

"ती इलेक्ट्रिक गिटारची आहे, मॅडम. इतक्या छोट्या बाजाला..."

"चाचा, मी सायन्स शिकवते. पट्टी उंच असली की बोट लाकडापासून लांब. सरळ हिशेब आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं. "टाकतो," म्हणाले.

आठवड्यानं वाद्य मिळालं. जुन्या फ्रेट गरम करून उपटलेल्या, नव्या ठोकलेल्या, टोकं घासून गुळगुळीत. बोटाखाली पट्टी अशी ठळक लागत होती की डोळे मिटून सापडावी. खर्रर्र आवाज गेला. मी घरी येऊन ऐटीत वाजवायला बसले, आणि सगळं बेसूर. मोबाइलवर सूर मोजणारं ॲप लावलं. मोकळी तार छेडली की काटा मधोमध. बोट ठेवलं की काटा उजवीकडे पळाला. प्रत्येक सूर चढलेला. गॅलरीतून बा म्हणाला, "आता दोन मांजरी हायत."

मी तशीच उठले, रिक्षा केली, जिना चढले आणि भांडायला सुरुवात केली. फ्रेट वाकड्या बसल्यात, मापं चुकलीत, मला परत करून द्या. चाचांनी ऐकून घेतलं. वाद्य माझ्या हातून घेतलं, माझाच मोबाइल समोर उभा केला आणि एकेक सूर वाजवला. काटा दर वेळी मधोमध.

"आता तुम्ही."

मी दाबलं. काटा पळाला.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "तार दाबायची असते. कणीक मळायची नसते."

मग त्यांनी समजावलं. फ्रेट बुटकी असली की तार दाबताना लाकूड लगेच लागतं, बोटाला थांबवतं. कितीही जोर लावा, सूर हलत नाही. उंच फ्रेटखाली लाकूड लांब राहतं, बोटाला थांबवणारं कोणी नसतं. जोर लावाल तितकी तार खाली जाते, ताणली जाते, सूर चढतो. "हलक्या हाताला उंच फ्रेट म्हणजे लोणी. जड हाताला..." त्यांनी वाद्य माझ्या हातात परत दिलं.

ताण वाढला की सूर चढतो. हे मी आठवीला दर वर्षी शिकवते. डब्याच्या झाकणाला रबरबँड लावून दाखवते. मुलांना विचारते, का चढला? आणि उत्तर आलं नाही तर उभं करते. तो जिना उतरताना मला माझ्या बोटांची लाज वाटली ती तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा. जाड असल्याची नाही वाटली. त्यांना हलकं धरणं माहीतच नव्हतं, त्याची वाटली.

कोण शिकवणार होतं? गवत उपटायचं तर मुळासकट, नाही तर पुन्हा उगवतं. विळा ढिला धरला तर बोट जातं. जीपच्या मागच्या दांड्याला लटकून हॉस्टेलवर आले तेव्हा हात सैल सोडून चाललं असतं का? पेपर लिहायचे तेव्हा माझं अक्षर मागच्या पानावर उमटायचं. आम्ही जोर लावून इथवर आलो. कुठं तरी जोर काढून घ्यावा लागतो, हे पंचेचाळिशीनंतर एका गल्लीतल्या चाचांनी सांगितलं.

घरी येऊन बाला सांगितलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "राख हाय का?"

"बा, गॅसच्या घरात राख कुठनं आणू?"

"मग तुझा तो खडू आण."

पर्समधून खडू दिला. त्यानं तो बशीत चुरला, चिमटीनं उचलला आणि दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर पसरला, जसं रांगोळी घालताना जमिनीवर पीठ टाकतात. "माझ्या बापानं बांबूला राख फासली होती. वाजवून झालं की बोट बघायचा. राख लागली की टपली."

"तू किती टपल्या खाल्ल्यास?"

"तुझ्या शाळेत एवढी पोरं नसतील."

मी वाजवलं, बोट दाखवलं. पांढरंफेक.

"बागेत पावडर मारून आलीस का?" बा म्हणाला. "परत."

त्या दुपारी दहा-बारा वेळा तरी परत झालं. हाताला आधी काही कळेना. हलकं धरलं की तार वाजतच नसे, जरा जोर दिला की खडू लागे. मग चौथ्या-पाचव्या दिवशी कधी तरी, माझं लक्ष खालच्या शेजारणीच्या कुकरच्या शिट्यांकडे असताना, सूर स्वच्छ आला. बोट बघितलं. जाड बोट, थोडं तरी टेकणारच. पण टोकाला नुसती एक पुसट रेघ होती. खांदा दुखत नव्हता. मनगट मोकळं होतं. इतकी वर्षं मी पेन, लाटणं, फळ्याचं डस्टर सगळं किती आवळून धरत होते, ते तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून मी खडूही जरा सैल धरते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर गेली. बा मला पूजेचं वाजवणं गुणगुणून सांगू लागला, नाकातून, डोळे मिटून. मी एका तारेवर ते शोधायचे. फार मोठं नव्हतंच. पाच सूर, तेच फिरून फिरून येतात, दर फेरीत एखादा आधी, एखादा मागाहून. मला वाटायचं, लहानपणी पूजेत अर्धवट झोपेत ऐकलेलं मला आठवणार नाही. पण बोट चुकीच्या जागी गेलं की माझ्याच पोटात काही तरी नाही म्हणायचं.

तिसरा सूर मात्र बसेना.

"हा नाय," बा म्हणायचा. "हा खाली राहिला."

मी पुढची फ्रेट धरायचे.

"हा वर गेला."

"मग मधला कुठला? मधे काही नाहीये, बा. एक पट्टी, की दुसरी पट्टी."

"मधे हाय. मधे आपला पडदा होता."

तो दाण्याएवढा सरकलेला पडदा! बा चुलीपुढे बसून सुरी तापवत होता, ते याच सुरासाठी. मेणात रोवलेला पडदा कानानं हवा तिथं नेता येतो. इथं तर धातू लाकडात ठोकलेला. मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, एक फ्रेट सरकवीन, पण मग बाकी कुठलंच गाणं त्यावर नीट वाजणार नाही.

होळीला नऊ दिवस राहिले. मग सात. आम्ही रोज बसायचो, रोज चार सूर यायचे आणि तिसऱ्यापाशी बा मान हलवायचा. एका दुपारी तो म्हणाला, "राहू दे, बाय. चार आले ना. ते पण कोणाला येत नायत." आणि गॅलरीतून उठून आत जाऊन पडला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मेण उंदरांनी खाल्लं ते माझ्या शिक्षणापायी, आणि आता शिकलेली मी त्याला त्याचा एक सूर परत देऊ शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बा दारातच उभा. खडूची बशी हातात.

"जेव मग," म्हणाला. "आधी बस."

मी तशीच बसले. त्यानं खडू पसरला.

"ती खालची पट्टी धर. जो सूर कमी पडतो ना, ती. आता पहिल्या दिवशी दाबायचीस तशी दाब."

"बा, महिनाभर तूच टपल्या मारल्यास..."

"बाकी सगळीकडं हलकं. याच एका जागी दाब. लाकडाला लागू दे."

मी पहिला सूर हलका धरला. दुसरा हलका. तिसऱ्याला बोट टाकलं आणि गवत उपटायचा जो जोर माझ्या हातात जन्मापासून आहे तो त्याच्यावर सोडला. उंच फ्रेटवरून तार खाली गेली, ताणली, आणि सूर चढत चढत त्या दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. आठवीचा धडा. बुटक्या फ्रेटवर तो आलाच नसता. लाकडानं बोटाला आधीच अडवलं असतं.

बा गुणगुणायचा थांबला.

"परत," म्हणाला.

मी परत वाजवलं. पाचही सूर, फिरून फिरून. तो उठला, स्वयंपाकघरात गेला. गोणी उघडल्याचा आवाज आला. मुठीत नवे तांदूळ घेऊन आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर, युकुलेलीपुढे, त्यानं ते हळूच ओतले. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली आणि खुर्चीऐवजी खाली फरशीवर बसला.

"बा," मी म्हटलं, "हा डबा आहे ना?"

"गप. वाजव."

होळीच्या तीन दिवस आधी बा सुरगाण्याच्या एस.टी.त बसला. खिडकीतून म्हणाला, "नवं भात आलं की ये. डबा घेऊन ये." गाडी वळेपर्यंत हिरवी पट्टी नसलेल्या दोन्ही डोळ्यांनी बघत होता.

आता दुपारी जेवण झालं की मी गॅलरीत बसते. त्याची खुर्ची तिथंच आहे. बशीत खडू चुरते, लाकडावर पसरते, वाजवते. वाजवून झालं की बोटं उन्हात धरून बघते. एकच, तिसऱ्या सुराचं, पांढरं व्हायला हवं. ते झालेलं असलं की मी हात न धुता तशीच वह्या तपासायला घेते.